घर दोघांचं, कागदही दोघांचा

आज मुंबईतल्या चित्ता कॅम्पची गोष्ट सांगतो आम्ही.

ट्रॉम्बेजवळची ही दाट वस्ती कुणी हौसेने वसवली नाही. अणुसंशोधन केंद्राला लागून जनता कॉलनी होती. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात ती पाडली आणि हजारो माणसांना खाडीकाठच्या दलदलीत आणून सोडलं. तिथे भराव घालून लोकांनी पुन्हा संसार मांडला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास दिले होते. तेव्हापासून तिथल्या बाया कागदाची किंमत ओळखून आहेत.

आमच्या गटातल्या एका ताईंची बहीण तिथे दिली आहे. दिवाळीला ती आली तेव्हा आम्ही विचारलं, "एवढ्याशा खोलीत जपून काय ठेवतेस गं?" म्हणाली, "प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सोनं परत करता येतं."

झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतं. गावातही ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावे लावता येतं. पण आम्ही बैठकीत विचारलं, तर कितीतरी जणींना आपलं नाव आहे की नाही तेच ठाऊक नव्हतं! ज्या घराला आयुष्यभर सारवलं, त्यातून उद्या कुणी "निघ" म्हणालं, तर दाखवायचं काय?

म्हणून पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत घराचा उतारा आणा. नाव नसेल तर दोघांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या. एकटीला जमत नसेल, तर गटाने सोबत जायचं.