दागिना, पडदा आणि सोवळे : जानकीदेवी बजाज



आपल्या वर्ध्यात जानकीदेवी बजाज यांचे नाव बहुधा त्यांचे पती जमनालालजी यांच्या मागून येते. आज ते एकटेच घेऊ. अस्पृश्यता आणि स्त्रीची बंधने हे दोन वेगळे प्रश्न मानायची आपल्याला सवय आहे. ते एकाच छपराखाली कसे नांदतात, हे जानकीदेवींच्या आयुष्यात दिसते.

१८९३ साली माळव्यातल्या जावऱ्याला त्यांचा जन्म झाला. लहानपणीच लग्न झाले आणि १९०२ मध्ये त्या सून म्हणून वर्ध्याला आल्या. घर सधन मारवाडी वैष्णवांचे : अंगभर दागिने, तोंडावर पडदा, स्वयंपाकघरात सोवळे. जिला चारचौघांत तोंड दाखवायची मुभा नाही, तिच्याकडेच शिवाशिवीची राखण सोपवलेली! कोणाच्या हातचे पाणी चालते, हे ठरवायचे पुरुषांच्या पंचायतीने. अंमल करायचा बायकांनी, चुलीपाशी.

या दोन प्रश्नांची अशीच गाठ अमेरिकेतही दिसते. तिथल्या सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी गुलाम बाळगणाऱ्याच घरात वाढल्या. गुलामगिरीविरुद्ध त्या जाहीर सभांतून बोलू लागल्या, तेव्हा बाईने असे बोलावेच का, अशी हरकत धर्मोपदेशकांनी घेतली. म्हणून १८३० च्या दशकातच त्यांना स्त्रीच्या हक्कासाठीही भांडावे लागले. जानकीदेवींचा क्रम उलटा होता : आधी स्वतःची बंधने सुटली, मग अस्पृश्यतेचा प्रश्न आला. जमनालालजी गांधीजींच्या मार्गाला लागले, तसे जानकीदेवींचे सोने उतरले, पडदा सुटला, घरातल्या विदेशी कापडाची होळी झाली. पुढे जुलै १९२८ मध्ये वर्ध्यातले बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले झाले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांना सत्याग्रह करावा लागला. वर्ध्यात मात्र दार आतून उघडले, कारण किल्ल्या घरच्याच होत्या. हा फरक विसरून वर्ध्याचा अभिमान मिरवू नये.

कोणी म्हणेल, नवऱ्याने सांगितले म्हणून बाईने केले. ही सुधारणा की पतिव्रताधर्म? प्रश्न रास्त आहे. पण १९३२ मध्ये जानकीदेवींनी स्वतः तुरुंगवास भोगला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जमनालालजी गेले. त्यानंतर सांगणारे कोणी नव्हते, तरी काम थांबले नाही. त्यांनी गोसेवा संघाची धुरा घेतली, विनोबांच्या भूदानात त्या उतरल्या आणि विहिरींसाठी कूपदान मागत हिंडल्या. भूमिहीनाला जमीन मिळाली तरी पाण्यावाचून ती कोरडवाहूच. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

देऊळ खुले करायला विश्वस्तांचा ठराव पुरतो. घरातल्या सोवळ्याला ठराव लागू पडत नाही. ते तिथे राबणाऱ्या बाईने सोडावे लागते, आणि सोडण्याइतकी ती मोकळी असावी लागते. तेव्हा अस्पृश्यतानिवारणाचा हिशेब मांडताना किती देवळे खुली झाली एवढेच मोजू नका; आपल्या घरातल्या बाईला किती निर्णय स्वतःच्या मनाने घेता येतात, हेही विचारा.