शाळा आधी, घर नंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आखातात नोकरी लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा विचारला जातो आणि दुसरा सुट्टीचा. ‘मुलं कुठल्या शाळेत जाणार आणि तुम्ही राहणार कुठल्या भागात?’ हा प्रश्न आमच्या कोकणात फार उशिरा आला. पूर्वी खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इथून जायचा तो एकटा पुरुष. बायको-मुलं गावाला, आणि हा तिथं सहा-आठ जणांच्या खोलीत एका खाटेचा धनी. खाटेला शेजार असतो, पण मोहल्ला नसतो. शाळेचा तर प्रश्नच नव्हता, कारण शाळेत जाणारी मुलं गावात होती.

आता कुटुंबंच्या कुटुंबं जातात. कोकणातलीच नव्हे, पुण्याची, नाशिकची, नागपूरचीही. इंजिनिअर, अकाउंटंट, नर्स, बँकेतली मंडळी. जायच्या आधी महिनाभर फोनाफोनी चालते. घरात कवी असला तरी त्यालाही विचारतात, कारण तो दोन-चारदा भाच्याकडे जाऊन राहून आलेला असतो. तर मी जे पाहिलं, चार कुटुंबांकडून ऐकलं, ते आज दुबईपुरतं सांगतो.

दुबई आपल्याला तशी परकी नाही. १९६६ पर्यंत तिथं रुपयाच चालत होता. शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला वेगळा रुपया होता. मुंबईच्या धक्क्यावरून बोटी जात, आणि त्या बोटींवर आमचे कोकणी खलाशी असत. पण खलाशाला बंदर कळतं. बंदरामागचं शहर कळायला तिथं मुलाबाळांसह संसार मांडावा लागतो.

पहिली गोष्ट शाळेची. दुबईतल्या सरकारी शाळा मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आणि अरबी माध्यमाच्या. बाहेरून आलेल्यांची मुलं खासगी शाळांत जातात. अशा शाळा दोनशेहून अधिक आहेत. कुठं ब्रिटिश अभ्यासक्रम, कुठं अमेरिकन, कुठं आयबी, कुठं आपला सीबीएसई. या सगळ्यांवर केएचडीए नावाचं सरकारी खातं देखरेख ठेवतं. ते २००६ साली सुरू झालं. शाळांची तपासणी करून ‘अतिउत्तम’पासून ‘अतिशय कमकुवत’पर्यंत सहा पायऱ्यांचे शेरे ते देतं आणि अहवाल सर्वांना वाचायला खुले ठेवतं. शाळेची मंजूर फीसुद्धा तिथं बघायला मिळते. मात्र शेरा कुठल्या सालचा आहे, ते आधी पाहावं. २०२४-२५ मध्ये नेहमीच्या पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, त्यामुळे शाळेच्या दारावरचा शेरा जुनाही असू शकतो.

फीमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जुन्या भारतीय शाळांत वर्षाला काही हजार दिरहमांत भागतं. आयबीच्या किंवा नामवंत ब्रिटिश शाळांत वरच्या वर्गांना लाख दिरहमांच्या घरात आणि त्यापुढंही फी जाते. काही कंपन्या घरभाडं आणि शाळेची फी वेगळी देतात. आपल्या बहुतेक माणसांना सगळं मिळून एकच रक्कम मिळते. तेव्हा ‘इंटरनॅशनल’ या शब्दाला भुलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपण इथं किती वर्षं राहणार? तीन-चार वर्षांत परत यायचं असेल आणि मुलाला पुढं भारतातच शिकायचं असेल, तर सीबीएसईची सोय मोठी. त्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. ब्रिटिश आणि आयबी शाळांचं ऑगस्टच्या अखेरीला. मधेच एकातून दुसरीकडे उडी मारली तर मुलाचे काही महिने लोंबकळत राहतात.

आता मोहल्ल्याकडे येऊ. दुबई लांबट पसरलेलं शहर आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे बोरिवलीहून कुलाबा. शाळांचेही तिथं पुंजके आहेत. खाडीच्या या बाजूला ऊद मेथा नावाचा जुना भाग आहे. १९६१ साली सुरू झालेलं ‘इंडियन हायस्कूल’ तिथं आहे. जवळच ब्रिटिश मुलांसाठी साठच्या दशकात निघालेली शाळा आहे, पाकिस्तानी शाळा आहे, ख्रिस्ती मिशनची शाळा आहे. सकाळी सात वाजता त्या रस्त्यावर उभं राहिलं की चार देशांचे गणवेश एकाच सिग्नलला थांबलेले दिसतात. लागूनच करामा. तिथं इमारती जुन्या, घरं लहान, पण खाली किराणा आहे, शिंपी आहे, इस्त्रीवाला आहे, आणि रस्त्यावरची निम्मी माणसं हिंदीत भांडताना ऐकू येतात. आपल्या माणसाला तिथं पहिल्या आठवड्यात घरच्यासारखं वाटतं.

दुसरा पुंजका पूर्वेला, शारजाच्या सीमेलगत : अल कुसैस, मुहैस्ना, अल नहदा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा इथं बऱ्याच, भाडी त्यातल्या त्यात आवाक्यातली. मिरदिफमध्ये बैठी घरं, बागा, शांतता. तिथं ब्रिटिश पद्धतीच्या शाळा आणि मोटार असलेली कुटुंबं. पश्चिमेला अल बरशा, अल सुफूह या बाजूला महागड्या अमेरिकन, ब्रिटिश आणि आयबी शाळा. युरोपातून आलेली मंडळी बहुधा तिकडं घर शोधतात, कारण त्यांचं ऑफिसही त्याच अंगाला असतं.

आणि मग शारजा. शारजा म्हटलं की आपल्याला १९९८ मधली सचिनची वादळी खेळी आठवते. तिथं राहणाऱ्याला मात्र दुबई-शारजा रस्ता आठवतो. शारजात भाडं कमी, म्हणून हजारो माणसं राहायला शारजात आणि कामाला दुबईत. सकाळी सगळ्या गाड्या दुबईकडे तोंड करून उभ्या, संध्याकाळी शारजाकडे. यात मोठी माणसं भरडतात ती भरडतात, पण ज्यांनी मुलांची शाळा दुबईची धरली आणि घर शारजाचं, त्यांच्या मुलांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

माझा भाचा सुरुवातीला असाच राहत होता. त्याच्या मुलाला पावणेपाचला उठवायचे. पावणेसहाला बस. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. पोर साडेतीनच्या पुढं घरी येई आणि बूट न काढता सोफ्यावर झोपे. मगरिबची अजान झाली की उठे आणि गृहपाठाला बसे. बाप साडेआठला रस्त्यातून सुटून घरी येई. त्यानंतर खेडला नानीला फोन करावा, तर आपल्या आणि दुबईच्या घड्याळात दीड तासाचा फरक. दुबईत साडेआठ म्हणजे खेडमध्ये रात्रीचे दहा. नानी इशाची नमाज पढून केव्हाच झोपलेली. फोन शुक्रवारवर जायचा. शुक्रवारी पोराला सांगण्यासारखं काही आठवत नसे.

दोन वर्षांनी त्यांनी अल कुसैसमध्ये शाळेजवळ घर घेतलं. एक खोली कमी, भाडं जास्त. भाच्याने मला हिशेब दाखवला तेव्हा मीही कागद-पेन्सिल घेऊन दुसरा हिशेब मांडला. जाण्या-येण्यात रोजचे दोन तास वाचले. शाळेचे दिवस वर्षाला एकशेऐंशी धरले तर झाले तीनशेसाठ तास. माणूस दिवसातले पंधरा तास जागा असतो असं धरलं, तर हे जागेपणीचे चोवीस दिवस होतात. दर वर्षाला चोवीस दिवस आपण मुलाला बसच्या खिडकीशी बसवून ठेवत होतो. भाड्यात वाचलेले पैसे त्या दिवसांचे होते.

त्यात बापाचाही हिशेब धरावा. दुबईत जागोजागी ‘सालिक’ नावाचा टोल आहे, २००७ पासून. जानेवारी २०२५च्या अखेरीपासून तो वेळेनुसार आहे. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ सहा दिरहम, बाकी दिवसभर चार. म्हणजे शाळेची आणि ऑफिसची वेळ नेमकी महागाची. घर लांब घेऊन भाडं वाचवताना हा टोल, पेट्रोल आणि शाळेच्या बसची फी कागदावर मांडून बघा. पुष्कळदा बचत दिसते त्याच्या निम्मीच निघते.

ज्यांना शारजातच राहणं भाग आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पगार तेवढाच असला तर माणूस काय करील? पण मग शाळाही शारजाचीच घ्यावी. तिथंही भारतीय अभ्यासक्रमाच्या चांगल्या शाळा आहेत. बापाने रस्त्यात उभं राहावं, मुलानं राहू नये.

मला इथले मित्र गमतीनं म्हणतात, ‘तुम्हाला काय, दुबई म्हणजे घरच!’ त्यात थोडं तथ्य आहे. मशीद शोधावी लागत नाही, मटणाच्या दुकानात प्रश्न विचारावे लागत नाहीत, रमजानात शाळेची वेळ कमी होते. मुसलमान मुलांना शाळेत इस्लामचं शिक्षण आणि जवळपास सगळ्याच मुलांना अरबी शिकावीच लागते. पण माझी काळजी वेगळी आहे. आमच्या घरात कोकणी बोली, बाहेर मराठी, आणि मी लिहितो ते मराठीत. दुबईतल्या भारतीय शाळेत हिंदी हमखास मिळते, कुठं मल्याळम, कुठं उर्दूही मिळते. मराठीची आशा धरू नये. म्हणजे मुलाची मराठी शाळा भरणार ती घरात, आणि तिची वेळ एकच : शाळेची बस आणि झोप यांच्या मधली. ती वेळ रस्त्याने खाल्ली तर पोर इंग्रजीत हुशार होईल, अरबी अक्षरं गिरवील, पण नानीशी बोलताना ‘सलाम’च्या पुढं सरकणार नाही. हीच गोष्ट सदाशिव पेठेतून गेलेल्या घराची, तिथं नानीच्या जागी आजी एवढाच फरक. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला वर्षातून एकदा गेल्यानं ती भरून निघत नाही.

भाच्याचं पोर आता साडेपाचला खाली खेळायला जातं. समोरच्या दारातली केरळची मुलं त्याच्या टोळीत आहेत. सहा वाजता, म्हणजे खेडच्या साडेसातला, ते नानीला फोन लावून दिवसभराचं सगळं सांगतं. त्याच्या कोकणीत निम्मे शब्द इंग्रजी असतात. नानी ते दुरुस्त करत नाही, नुसती परत आपल्या शब्दात म्हणते. दुसऱ्या दिवशी पोर तो शब्द वापरतं.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय घराचा करार करू नका. चांगल्या शाळांना प्रतीक्षायादी असते, आणि घर एकीकडे, जागा मिळाली दुसरीकडे असं झालं की वर्ष रस्त्यावर जातं. दोन मुलं दोन शाळांत असतील तर घर धाकट्याच्या शाळेजवळ घ्या. थोरलं बसचा प्रवास सोसू शकतं.

भाडं तिथं वर्षाचं ठरतं आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या तारखांचे एक, दोन किंवा चार चेक आधीच द्यावे लागतात. करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत घालून घ्या, ती २०१० पासून आहे. नोंद असेल तर तक्रारीला जागा राहते. मालकाला घर विकायचं किंवा स्वतः राहायचं असलं तरी बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि भाडं वाढवायचं तर मुदत संपण्याआधी नव्वद दिवस कळवावं लागतं. एवढं माहीत असलं की घाबरून मुलाची शाळा मधेच सोडायची वेळ येत नाही. जमलं तर कराराची तारीखच शाळेच्या वर्षाशी जुळवा : सीबीएसईला मार्च, बाकीच्यांना जुलै-ऑगस्ट. घर बदलायचं झालंच तर ते सुट्टीत होतं.

घर बघायला शनिवारी दुपारी जाऊ नका. शनिवार-रविवारी तिथं सुट्टी असते आणि सगळेच रस्ते मोकळे दिसतात. मंगळवारी सकाळी पावणेसातला त्या दारातून निघून शाळेपर्यंत जा, आणि संध्याकाळी सहाला तिथंच खाली उभे राहा. मुलं खेळताना दिसतात का? नकाशावर शाळा अर्ध्या किलोमीटरवर असते, पण मधे सहा पदरी रस्ता असेल तर ते अंतर मोटारीचं झालं. आणि जून किंवा सप्टेंबरात पारा चाळिशीपुढं असताना सावली नसलेली पाच मिनिटंसुद्धा लहान मुलाला जड जातात.

शेवटचं एक. तिथला मुक्काम बहुतेकांचा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मोजक्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर परतायचं. म्हणून भाड्याला आणि फीला पगार असा पिळून लावू नका की दोन महिन्यांचंही बळ उरणार नाही. मधली शाळा, मधलं घर, पण एकमेकांच्या जवळ. तैनातीला पोहता तलाव नसला तरी चालेल. पोरानं संध्याकाळी दप्तर टाकून ‘मी खाली जाऊ?’ असं विचारलं आणि आईला ‘जा’ म्हणता आलं, तर ते घर घ्या.