सुई कुठली? एफएनएसी आणि कोअर बायोप्सी

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण अंबडच्या माझ्या मामांच्या फुप्फुसात सीटी स्कॅनवर गाठ दिसली. सुईने तपासणी झाली, आठवड्याने रिपोर्ट आला: नमुना अपुरा. पुन्हा सुई. म्हणून म्हटलं, आज यावरच बोलू.

शरीराच्या आतल्या गाठीसाठी सुया मुख्यतः दोन प्रकारच्या. एफएनएसीची सुई बारीक, साधारण 22 ते 25 गेजची. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा. तिच्यातून सुट्या पेशी येतात, त्या काचेवर पसरून बघतात. कोअर बायोप्सीची सुई जाड, बऱ्याचदा 18 गेजची. तिच्यातून शेवईसारखा अखंड तुकडा निघतो.

फरक काय पडतो? आपल्या जालन्याच्या मोंढ्यात मूठभर दाणे बघून माल कुठला ते कळतं. पण शेतात ओळी सरळ होत्या की मोडलेल्या, ते दाण्यांवरून कसं कळणार? पेशींच्या ओळी कशा आहेत, हे तुकड्यातच दिसतं. लिम्फोमाचा संशय असेल किंवा कॅन्सरचा नेमका प्रकार ठरवायचा असेल, तर म्हणूनच शक्यतो तुकडा लागतो.

मग सगळ्यांना जाडच सुई का नाही? कारण अवयव आतला आहे. लिव्हर, किडनीत रक्तस्रावाची भीती, फुप्फुसात बाहेर हवा साठायची. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल, तर बारीक सुई बरी. आधीच कॅन्सर माहीत असेल आणि तो इथेही पोचलाय का एवढंच बघायचं असेल, तर कधीकधी पेशींवरही भागतं. म्हणजे चांगली सुई कुठली, हा प्रश्नच अर्धवट आहे. आपल्याला उत्तर कशाचं हवंय, हे आधी ठरतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आपल्याकडे फुप्फुसातली गाठ टीबीचीही असू शकते. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, पण फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. त्यासाठी वेगळा भाग सलाइनमध्ये द्यावा लागतो. मामांच्या दुसऱ्या वेळी, कोअर बायोप्सीत, तसा दिला. टीबी निघाला. घरात सगळे कॅन्सर धरूनच बसले होते!

जालन्यात 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तरी कॅन्सरचा संशय आला की अनेक जण साठेक किलोमीटरवर संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय गाठतात. दुसरी खेप म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. म्हणून सुई लागण्याआधी विचारा: डॉक्टर, पेशी घेणार की तुकडा? टीबीसाठी वेगळा नमुना ठेवणार का? आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.