एकच प्रत म्हणजे धोका

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वाचनालयावर बोलायला सांगितले आहे. मी काही विद्वान नाही. विहाराच्या वाचनालयाची दोन कपाटे सांभाळतो, एवढाच माझा अधिकार. सुरुवात घरातल्या नुकसानीपासून करतो.

माझे वडील गिरणीत कामाला होते आणि जलशात पेटी वाजवीत. जलशातली गाणी त्यांनी एका जाड वहीत उतरवून ठेवली होती. वही पलंगाखालच्या ट्रंकेत असे. २६ जुलै २००५ ला खोलीत कमरेइतके पाणी शिरले. आम्ही माणसे वाचवली, रेशनकार्ड वाचवले. वही उघडली तेव्हा शाई पसरून पाने एकमेकांना चिकटली होती. आईला त्यातली दोन गाणी पाठ होती, तेवढीच राहिली. बाकीची कोणती होती, हेही आज सांगता येत नाही.

बंधू-भगिनींनो, धम्माच्या इतिहासातही हाच धडा आहे. तथागतांचा उपदेश भिक्खूंनी शतकानुशतके मुखपाठाने जपला. पुढे श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध आले. ज्यांना पाठ आहे तीच माणसे गेली तर काय, ही काळजी पडली. म्हणून इ. स. पूर्व पहिल्या शतकात तिथे त्रिपिटक लिहून काढले गेले. नालंदा उद्ध्वस्त झाले, तिथले ग्रंथभांडार गेले. तरी भारतात नाहीसे झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज वाचता येतात, कारण त्यांची भाषांतरे तिबेटात आणि चीनमध्ये पोचली होती. जे दोन ठिकाणी होते, ते टिकले.

बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती ते पाणतीराने बुडाले. पुढे त्यांनी राजगृहात हजारो ग्रंथ जमवले. छापील पुस्तक पुन्हा मिळू शकते हो, पण हाताने लिहिलेली वही कोणत्या दुकानात मिळणार?

अशा वस्तू तुमच्याही घरी आहेत. परिषदांची पत्रके, धम्मदीक्षेच्या काळातली पत्रे, जुने फोटो, गाण्यांच्या पुस्तिका. इमारत पुनर्विकासाला गेली की पहिल्यांदा हेच रद्दीत जाते. 'मूकनायक' १९२० साली निघाला. त्याचे अंक आज पुस्तकरूपाने मिळतात, कारण कुणीतरी ते रद्दीत घातले नाहीत.

जपायचे कसे? कपाट भिंतीला चिकटवू नका, ओल चढते आणि वाळवी लागते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागदावर पिवळा डाग पाडतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही. वर्तमानपत्राचा कागद उजेडाने पिवळा पडून तुटतो, म्हणून तो सपाट आणि अंधारात ठेवा.

तरुण मुले म्हणतात, "काका, मोबाईलवर फोटो काढला की झाले." फोटो जरूर काढा, पण तेवढ्याने झाले असे समजू नका. आपल्या एका जुन्या स्मरणिकेचा मजकूर फ्लॉपीत होता. फ्लॉपी सापडली, पण ती वाचणारे यंत्र सापडेना. खटपट करून मजकूर काढला, तर त्या वेळचा डीटीपीचा फॉन्ट नसल्याने अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळे युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केले. त्या दिवशी कागदाने संगणकाला वाचवले. उद्या पूर आला तर संगणक कागदाला वाचवील. दोन्ही हवेत.

म्हणून माझी विनंती ऐका. येत्या वर्षावासात दर रविवारी एका घराने आपले जुने कागद विहारात आणावेत. मुले त्यांचे स्कॅनिंग करतील. कागद कोणाचा, कोणत्या साली, फोटोत कोण आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घेतील. मूळ कागद त्याच दिवशी तुमच्या घरी परत जाईल. खाजगी पत्र तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवले जाणार नाही. एक प्रत विहाराच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या विहारात राहील. दर वर्धापनदिनी त्या उघडून पाहू, कारण यंत्रही न सांगता बंद पडते.

माझ्या वडिलांची वही आता येणार नाही. तुमच्या घरातली अजून आहे. आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा.

जयभीम! नमो बुद्धाय!