चूक चारची, नाव सहाचं

(वसतिगृहाच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत एका माजी विद्यार्थिनीने केलेलं भाषण. त्या सध्या आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका आहेत.)



बाईंचा निरोप आला की या वर्षी तू साक्ष दे. माजी विद्यार्थिनी इथे उभी राहिली की सहसा मिळालेल्या गोष्टी सांगते: शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली, देवाने सांभाळलं. ते सगळं मलाही मिळालं आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण आज मी एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक सॉफ्टबॉलच्या मैदानावर झाली होती.

मंडळीतल्या आजी-आजोबांना हा खेळ ठाऊक नसेल. क्रिकेटचा चुलत भाऊ समजा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, एका बेसपासून दुसरा 60 फुटांवर. चेंडू टाकणारी तो हात खालून फिरवून टाकते. बॅटने मारायचं आणि सगळे बेस पळून घरी परत यायचं, म्हणजे एक रन. एका संघात नऊ खेळाडू, सामना सात डावांचा. नावात 'सॉफ्ट' असलं तरी चेंडू मऊ नसतो, हे नडगीवर बसला की कळतं. हा खेळ 1887 साली शिकागोत सुरू झाला, तोही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. काही तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने मारला. पुढे 1926 मध्ये 'सॉफ्टबॉल' हे नाव सुचवलं ते वाय.एम.सी.ए.च्या एका कार्यकर्त्याने. म्हणजे या खेळाचं आणि उपकारस्तुतीचं नातं जुनं आहे. आज मी तेच पुढे चालवते आहे असं म्हणा.

आमचं मैदान या वसतिगृहाच्या मागे होतं, अजूनही आहे. गोणपाटात वाळू भरून बेस केलेले, 60 फूट मोजायला गाठी मारलेली दोरी, आणि फक्की नसेल तेव्हा चुलीतली राख. ग्लोव्ह नऊ मुलींत सहा. एकाची वादी तुटलेली, ती सुतळीने ओवलेली.

मी शॉर्टस्टॉप खेळायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. सगळ्यांत जास्त चेंडू तिथे येतात आणि तिथून पहिल्या बेसपर्यंत लांब आणि जोरात फेकावं लागतं. माझा हात तयार झाला होता गोफणीवर. सातपुड्यात आमच्या शेतात ज्वारी निसवली की मी माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. ज्या हाताने पाखरं उडवली त्या हाताने मी मुली आउट करू लागले. लोक टाळ्या वाजवायचे. खरं सांगते, मला त्या टाळ्यांची सवय लागली होती.

मी नववीत असताना आठवीत एक नवीन मुलगी आली. आमच्याही वरच्या पाड्यावरची. मराठी तुटकी बोलायची, कुणाकडे मान वर करून बघायची नाही. पण चेंडू असा फेकायची की ग्लोव्हमध्ये फटाका वाजावा. दोन आठवड्यांनी सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "उद्यापासून ती शॉर्टला, तू सेकंड बेसला. तिचा हात तुझ्यापेक्षा तेज आहे. आणि सेकंडला मला डोकं चालवणारी मुलगी हवी." मी त्यातलं पहिलं वाक्यच ऐकलं.

जागा बदलली म्हणजे चार पावलं इकडची तिकडे, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. शॉर्टवरून मी जीव तोडून फेकायची. सेकंडवरून पहिला बेस इतका जवळ की तसंच फेकलं तर पकडणारीचा हात सुजतो. पहिल्या दिवशी तिने माझे तीन चेंडू सोडले आणि चौथ्याला ओरडली, "मी काय पाखरू आहे का?" तिथे हात आखडावा लागतो. मनगटाने, कधी नुसतं खालून, अलगद द्यावं लागतं. ज्या ताकदीचा मला अभिमान होता तिचा तिथे उपयोगच नव्हता.

चेंडूही वेगळा येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीने आमच्या बाजूला मारलेला चेंडू जमिनीवरून येता येता पहिल्या बेसकडे वळत जातो. मी सरळ पुढे जायची आणि तो डाव्या हाताशेजारून निघून जायचा. दुसऱ्या बेसवर आउट करायचं तर आणखी अवघड. शॉर्टस्टॉपला धावत येणारी मुलगी समोर दिसते. सेकंडवाली शॉर्टकडे तोंड करून चेंडूची वाट बघते, आणि धावणारी येते पाठीकडून. ती दिसत नाही, तिच्या पावलांचा आवाज फक्त वाढत जातो. तशात चेंडू घ्यायचा, पाय बेसला लावायचा, अंग वळवायचं आणि पहिल्या बेसला फेकायचं. किती तरी दिवस मी चेंडू हातात यायच्या आधीच मान वळवायची आणि चेंडू सुटायचा.

आणि सगळ्यांत जास्त पळावं लागतं ते चेंडू नसताना. समोरच्या मुलीने बॅट नुसती टेकवून बंट केला की पहिल्या बेसवाली पुढे धावते, म्हणून तिचा मोकळा बेस सेकंडवालीने गाठायचा. राइट फिल्डमधून चेंडू येणार असेल तर मध्ये जाऊन उभं राहायचं. दुसरीने फेकलेला चेंडू तिसरीकडून निसटलाच, तर अडवायला मागे जायचं. दहापैकी नऊ वेळा तो निसटत नाही. आपण पळतो, थांबतो, परत येतो. कुणी बघतही नाही.

मला नेमकं हेच सलत होतं. पळायचं मी आणि टाळ्या तिला.

त्याच आठवड्यात बाईंनी सायंप्रार्थनेत करिंथकरांस पहिल्या पत्राचा 12 वा अध्याय वाचला. शरीर एक आणि अवयव पुष्कळ. पायाने 'मी हात नाही' म्हणून रुसून कसं चालेल, असा पौलाचा दाखला. मला वाटलं सरांनीच बाईंना सांगून वाचायला लावला. मी मान खाली घालून बसले आणि आणखीच रुसले.

मग जिल्ह्याचा अंतिम सामना आला. शेवटचा डाव, आम्ही एका रनने पुढे. त्यांच्या दोन मुली आउट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक मुलगी उभी. एक आउट मिळाला की विभागावर जायचं. चेंडू सरपटत शॉर्टकडे गेला. तिने तो स्वच्छ उचलला. सगळ्यांत जवळचा आउट माझ्या बेसवर होता. बॅटचा आवाज झाल्याबरोबर मी बेसकडे निघायला हवं होतं.

मी निघाले नाही. अगदी क्षणभर. "बघू, हिच्या एकटीच्या हातात किती आहे," असा विचार मनात आला. मला तो विचार आजही शब्दाशब्दाने आठवतो. तिने मात्र माझ्यावर विश्वास ठेवून चेंडू फेकला, बेसच्या बरोबर वर, छातीच्या उंचीवर. मी पोहोचले तेव्हा तो पुढे गेला होता. राइट फिल्डमध्ये दगडावर आपटून वाकडा झाला. दोन रन झाले. आम्ही हरलो.

बघणाऱ्यांनी काय बघितलं? नव्या मुलीने चेंडू रिकाम्या बेसवर फेकला. या खेळात प्रत्येक जागेला आकडा असतो. सेकंड बेसचा चार, शॉर्टस्टॉपचा सहा. चूक झाली की इंग्रजी 'ई' लिहून पुढे तो आकडा घालतात. आमच्या वहीत लिहिलं गेलं: ई-6. चूक चारची होती, लिहिली गेली सहाच्या नावावर. परतीच्या जीपमध्ये मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. तीही काही म्हणाली नाही. तिला ठाऊक होतं का? मी पुढे कधी तरी विचारलं. म्हणाली, "ठाऊक होतं. पण तू मोठी ना."

दिवाळी जवळ आली होती. आमच्याकडचे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. तिचे वडील तिला न्यायला आले. धाकटीला सांभाळायला कुणी नाही, पोरगी इथे रमत नाही, तर येऊ दे सोबत, असं त्यांचं म्हणणं. रात्री अंधारात मला तिच्या पत्र्याच्या पेटीची कडी लावल्याचा आवाज आला. वसतिगृहात राहिलेल्या मुलींना हा आवाज ओळखता येतो. सुट्टीत तो आनंदाचा असतो. मधल्या दिवसांत ऐकू आला तर समजायचं की एक मुलगी गेली, आणि बहुधा परत येणार नाही.

मला झोप आली नाही. पहाटे उठून मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकायला हवं त्यांना सांग." सकाळच्या प्रार्थनेत मी सगळ्यांसमोर उभी राहिले. तिचे वडील दाराशी उकिडवे बसले होते. मी आमच्या बोलीत सांगितलं, म्हणजे त्यांनाही कळावं. "मी मुद्दाम थांबले. तिने बरोबर फेकला होता." सर आले तेव्हा त्यांनी वही मागवली, सहाचा आकडा खोडला आणि तिथे चार लिहिला. खाली सही केली.

मंडळीत बसणाऱ्या आपल्याला मी वेगळं काय सांगू? दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेऊन गप्प राहणं काय असतं, ते आपण वधस्तंभाकडे बघून शिकलो. मी ते वचन म्हणून पाठ केलं होतं. त्या पोरीने ते मला करून दाखवलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ती राहिली, पण नुसत्या माझ्या कबुलीने राहिली नाही. घरची अडचण खरी होती. बाई तिच्या वडिलांशी दुपारपर्यंत बोलत बसल्या, आणि शेवटी धाकट्या बहिणीलाही वसतिगृहात ठेवून घ्यायचं ठरलं. त्या वर्षी एक खाट वाढली. त्या खाटेचं, जास्तीच्या ताटाचं कुठून आलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणी तरी महिन्याच्या पगारातून, कुणी पेन्शनीतून, कुणी उपकारस्तुतीच्या पाकिटातून ते दिलं होतं. मैदानावर निसटलेला चेंडू अडवायला कुणी तरी न दिसता मागे पळत असतं, तसे तुम्ही पळत होता. म्हणून तो चेंडू, म्हणजे ती पोरगी, निसटली नाही.

पुढचं वर्षभर आम्ही दोघी संध्याकाळी मागच्या मैदानावर एकच गोष्ट करायचो. ती उचलून द्यायची, मी बेसवर वळून पहिल्या बेसला फेकायची. पाठीमागून कुणी तरी मुलगी धावत यायची, मुद्दाम पाय आपटत. हळूहळू मला कळलं की मान वळवायची गरज नाही. देणारीवर भरवसा असला की हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. पुढच्या जिल्हा स्पर्धेत तसाच चेंडू आला. सहाकडून चारकडे, चारकडून तीनकडे. एका फटक्यात दोन आउट. टाळ्या कुणासाठी होत्या ते मी बघितलं नाही. विभागीय स्पर्धेत मात्र आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो, आणि ते हरणं अगदी सरळ होतं. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला खेळला.

ती आज परिचारिका आहे, आणि धाकटी बहीण कॉलेजात शिकते. मी मुलींना खेळ शिकवते, आणि आता जागा बदलायचं मलाच कुणाला तरी सांगावं लागतं. तेव्हा मी आधी सांगते की जुनी जागा गेल्याचं वाईट वाटेल, वाटू दे. मग तिला नव्या जागेचं काम एकेक करून दाखवते: कुठे उभं राहायचं, हात कधी आखडायचा, चेंडू नसताना कुठे पळायचं. रुसायला वेळ कमी मिळतो.

बहिणींनो, तुमच्याही जागा बदलतील. इथून घरी जाल, घरून सासरी, गावातून शहरात, कुणी बाकावरून खुर्चीवर. ज्या गुणासाठी काल टाळ्या मिळाल्या तो उद्या लागणार नाही, दुसरा लागेल. तेव्हा तुमच्या भरवशावर कुणी तरी चेंडू फेकलेला असेल. बेसवर वेळेत जा.

शेवटी पाहुण्यांकडे एक मागणं. मैदानावर आता मुली जास्त आणि ग्लोव्ह कमी आहेत. दोघी डावखुऱ्या आहेत. त्यांना उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागतो, तो नसल्याने त्या उलट्या हाताने खेळतात. कुणाच्या घरी जुना पडून असेल तर बाईंकडे द्यावा. वादी तुटलेली असली तरी चालेल. आमच्याकडे सुतळी आहे.

देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.