मोटारघराचें सुकाणूं



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. घर म्हटलें कीं जोतें आलें, उंबरठा आला, परसांतली तुळस आली. सुकाणूं असावयाचें तें गलबताला. परंतु अमेरिकेंत अशीं हजारों कुटुंबें आहेत कीं, जीं आपलें स्वयंपाकघर, माजघर आणि न्हाणीघर सहा चाकांवर बसवून सुटीच्या दिवसांत देशभर हिंडतात. आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी ह्या गांवीं विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं असलीं मोटारघरें कारखान्यांत बनविण्यास आरंभ केला, आणि जी चैन तोंपर्यंत थोड्यांचीच होती, ती मध्यमवर्गाच्या आवांक्यांत येऊं लागली. ह्या घराला सरळ चालावयास लावणारें एक लहानसें उपकरण आहे. त्याला स्टिअरिंग स्टॅबिलायझर म्हणतात. तें स्वतःच्या हातांनीं कसें बसवितात, आणि बसविण्यापूर्वीं कोणता विचार करावा लागतो, हें मीं आज सांगणार आहें.

प्रथम ह्या वाहनाची घडण पाहूं. ती समजली म्हणजे त्याची खोड समजेल. फोर्ड कंपनी ‘एफ-५३’ नांवाचा नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, कणा आणि चाकें एवढेंच, तयार करते, व दुसरे कारखानदार त्यावर घर चढवितात. भरलेल्या गाडीचें वजन सांगाड्याच्या प्रकाराप्रमाणें १६,००० पासून २६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें सव्वासात ते पावणेबारा टनांपर्यंत असूं शकतें. उंची बारा फुटांच्या आसपास, बाजू भिंतीसारख्या सपाट, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे घराचा बराच भाग अधांतरीं लोंबत असतो. अशी पेटी भरधांव चालली असतां शेजारून एखादा मोठा ट्रक पुढें गेला, तर त्याच्या तोंडाशीं दाबलेली हवा प्रथम घराच्या शेपटीला ढकलते; मागाहून ट्रक जसजसा पुढें सरकतो तसतसा तो धक्का पुढच्या भागाला बसतो. गाडी आधीं एकीकडे व मग दुसरीकडे झुकते. त्यांत आडवा वारा असला म्हणजे चालकाला क्षणाचीहि उसंत मिळत नाहीं. शिवाय पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता केलेला असतो. अमेरिकेंत वाहनें उजव्या बाजूनें जात असल्यामुळें गाडी सारखी उजवीकडे घसरूं पाहते.

माझा मुलगा नोकरीनिमित्त कॅन्सस सिटी येथें राहतो. त्यानें बत्तीस फुटी जुनें मोटारघर विकत घेतलें, आणि पत्नी व दोन मुलें ह्यांसह तो त्यांतून डोंगरांकडे जाऊं लागला. डोंगरांची वाट कॅन्ससच्या सपाट मुलखांतून, ७० क्रमांकाच्या हमरस्त्यानें जाते, आणि तेथें वाऱ्याला अडविणारें कांहींच नाहीं. माझी सून मला म्हणाली, “बाबा, हे गाडी चालवीत नाहींत, तिच्याशीं कुस्ती खेळतात.” संध्याकाळीं मुक्कामाला पोंचला कीं मुलाच्या हातांना चहाचा पेला धरवत नसे. ही नुसत्या थकव्याची गोष्ट नव्हती. थकलेल्या चालकाच्या मागें चार जिवांचें घर असतें, आणि त्याचा हात एकदां जरी उशीरां हलला तरी परिणाम काय होईल, हें सांगावयास नको.

आतां ह्या उपकरणाकडे वळूं. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो; त्यास टाय रॉड म्हणतात. चालकानें सुकाणूं फिरविलें कीं हा दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन्ही चाकें बरोबर वळतात. ही कल्पना मोटारीहूनहि जुनी आहे. म्युनिक येथील गाड्या बांधणारे लांकेन्श्पेर्गर ह्यांना ती घोडागाड्यांसाठीं सुचली, आणि १८१८ सालीं रुडॉल्फ अॅकरमन ह्यांनीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. स्टॅबिलायझरचें एक टोंक ह्या हलणाऱ्या दांड्याला आणि दुसरें टोंक न हलणाऱ्या अॅक्सलला किंवा सांगाड्याला जोडतात. एवढाच त्याचा देह.

त्याच्या जाति मात्र दोन आहेत, आणि त्यांतला भेद ओळखणें अगत्याचें आहे. पहिल्या जातींत तेलानें भरलेलें नळकांडें असतें व त्यांत दट्ट्या फिरतो. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल इकडून तिकडे जातें. होळीची पिचकारी आपण सावकाश दाबली तर सहज दबते; घाईनें दाबूं गेलें तर हाताला जोर करावा लागतो. तसेंच हें. चालकानें सुकाणूं हळूहळू फिरविलें तर हा दट्ट्या फारसा विरोध करीत नाहीं. परंतु खड्ड्यानें चाकाला एकाएकीं हिसका दिला तर तो तितक्याच जोरानें अडवितो. मात्र चाक पुन्हा सरळ करण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. दुसऱ्या जातींत तेलाच्या जोडीला मजबूत स्प्रिंगा असतात. चाक डावीकडे गेलें कीं एक स्प्रिंग त्याला मध्यावर ढकलते, उजवीकडे गेलें कीं दुसरी. कांहींमध्यें हा मध्यबिंदु चालकाच्या जागेवरून कळ दाबून थोडा सरकवितांहि येतो. किंमत कांहीं शें डॉलरांची असते; बसविणावळ निराळी द्यावी लागते, आणि म्हणूनच पुष्कळ गृहस्थ हें काम घरींच करूं पाहतात.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. गाडी भरकटते म्हणून स्टॅबिलायझर आणून बसविला, आणि भरकटण्याचें कारण भलतेंच असलें, तर तें आग रामेश्वरीं व बंब सोमेश्वरीं असें होईल. इतकेंच नव्हे, तर झिजलेला सांधा चालकाला हाताच्या थरथरीनें जो इशारा देत असतो, तो ह्या उपकरणानें दाबला जाईल आणि सांधा मुकाट्यानें झिजत राहील. म्हणून पाना हातीं घेण्याआधीं चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट टायरांतील हवा. ट्रक थांबण्याच्या नाक्यांवर तिकडे वजनकांटे असतात. तेथें सामान, पाणी आणि माणसें ह्यांसकट पुढच्या व मागच्या अॅक्सलवरील भार निरनिराळा तोलून घेतां येतो. तो भार टायर बनविणाराच्या कोष्टकांत पाहून हवा भरावयाची. हवा कमी पडली तर टायर तापून फुटण्याचें भय. फाजील झाली तर टायर जमिनीला पुरतें टेकत नाहीं व गाडी रस्त्यावर भिरभिरते. दुसरी गोष्ट चाकांचा रोख. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरपा असतो, तसा मोटारीच्या चाकाचा वळण्याचा अक्ष कांहीं अंशांनीं मागें कललेला असतो. त्यामुळें चाक जमिनीला जेथें टेकतें तो बिंदु अक्षाच्या रोखाच्या मागें राहतो, आणि चाक आपण होऊन सरळ येऊं पाहतें. हा कल कमी असला तर गाडी सरळपणा विसरते. तो मोजण्याचें काम कारखान्यांतच करावें. तिसरी गोष्ट सांध्यांची ढील. एकानें सुकाणूं थोडें थोडें इकडेतिकडे हलवावें व दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यावर बोटें ठेवून पाहावें. जेथें एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा हलत नाहीं, तेथें रोग आहे. चौथी गोष्ट म्हणजे गाडीचें डोलणें रोखणारी दांडी. एफ-५३ च्या पुष्कळ सांगाड्यांवर ह्या दांडीच्या टोंकाला दोन भोकें असतात; जोडदुवा बाहेरच्या भोकांतून काढून आंतल्या भोकांत लाविला कीं दांडी अधिक ताठ होते. ह्याला छदामहि खर्च येत नाहीं.

माझ्या मुलाच्या गाडीत पुढच्या टायरांत हवा फाजील होती आणि टाय रॉडचा एक सांधा झिजला होता. हवा बेताची केली, सांधा बदलला, कारखान्यांतून चाकांचा रोख नीट करून आणला. निम्मी खोड तेवढ्यानेंच गेली. जी उरली ती वाऱ्याची आणि ट्रकांच्या धक्क्याची. तिच्यासाठींच स्टॅबिलायझर असतो.

आतां प्रत्यक्ष कृति. गाडी सपाट व कठीण जागेवर आणावी. शेवटचे कांहीं यार्ड सुकाणूं न वळवितां सरळ पुढें चालवून थांबवावी, म्हणजे चाकें खरोखर सरळ राहतात. हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावावे. जागा कमी असल्यास पुढचीं चाकें भक्कम लांकडी उतारावर चढवावीं किंवा सांगाड्याखालीं वजन पेलणाऱ्या पोलादी घोड्या द्याव्या. मोटारघराला जमीन समतल करण्यासाठीं तेलाच्या दाबावर चालणारे पाय असतात. त्यांच्या भरंवशावर कोणीहि गाडीखालीं शिरूं नये. ज्या गाड्या कमानीच्या पाट्यांऐवजीं हवेच्या पिशव्यांवर टेकलेल्या असतात, त्यांतील हवा सुटली तर सांगाडा एकाएकीं खालीं बसतो. तेथें घोड्यांवांचून पाऊल टाकूं नये.

कारखान्यांतून साधा दट्ट्या बसवून आलेला असेल, तर बनविणाराच्या सूचनेप्रमाणें तो काढावा. टाय रॉड घासून स्वच्छ करावा. एक पकड यू-बोल्टांनीं अॅक्सलवर व दुसरी टाय रॉडवर बसवावी. नट आरंभीं हातानेंच लावावे. अॅक्सलला किंवा टाय रॉडला भोंक पाडूं नये आणि झाळकाम तर मुळींच करूं नये, कारण त्यानें पोलादाचें बळ जातें. स्टॅबिलायझर टाय रॉडला समांतर असावा आणि चाकें सरळ असतांना त्याचा दट्ट्या बरोबर मध्यावर असावा. मग एकानें सुकाणूं सावकाश डावीकडे शेवटपर्यंत, नंतर उजवीकडे शेवटपर्यंत फिरवावें, व दुसऱ्यानें बाहेर बसून विजेच्या बत्तीनें पाहावें. उपकरण कोणत्याहि टोंकाला पुरतें ताणलें किंवा पुरतें दबलें जातां कामा नये. ब्रेकच्या नळीला, पाट्याला किंवा इंजिनाच्या तेलपात्राला तें घासतां कामा नये. आमच्या खेपेस हें पाहाण्याचें काम मजकडे होतें. उजव्या वळणाच्या शेवटीं पकडीचा एक कोपरा ब्रेकच्या नळीपासून बोटभर अंतरावर येत होता. मुलगा म्हणाला, “बाबा, लागत तर नाहीं ना?” मीं म्हटलें, “आज लागत नाहीं. खड्ड्यांत पाटा दबला म्हणजे लागेल.” पकड सोडून दुसरीकडे बसविण्यांत दीड तास गेला, तो सत्कारणीं लागला.

शेवटीं नट आळीपाळीनें, थोडे थोडे, आणि बनविणारानें दिलेल्या आंकड्याइतकेच आवळावे. त्यासाठीं जोर मोजणारा पाना मिळतो. हाताच्या अंदाजावर विसंबूं नये. पहिल्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा तपासावे. ह्यांत हयगय झाली तर सैल सुटलेलें उपकरण अडकून सुकाणूं वळेनासें होण्याचा संभव असतो. असा स्टॅबिलायझर असण्यापेक्षां नसलेला बरा.

मग रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर परीक्षा करावी. हात हलके ठेवून पाहावें. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टाय रॉडवरची पकड किंचित् सैल करून, चाकें सरळ ठेवून, अष्टमांश इंच सरकवावी व पुन्हा पाहावें. दोनतीन फेऱ्यांत मध्य सांपडतो.

ह्या उपकरणाचा खरा कस लागतो तो पुढचें टायर फुटलें असतां. फुटलेलें चाक गाडीला आपल्या बाजूस ओढतें व सुकाणूं हातांतून हिसकावूं पाहतें. स्टॅबिलायझर तो हिसका बोथट करून चालकाला विचार करण्यापुरती सवड देतो. पुढचें काम चालकाचें. ब्रेक दाबूं नये. सुकाणूं दोन्ही हातांनीं सरळ धरावें, वेगाचा दांडा क्षणभर दाबून गाडीची पुढची ओढ टिकवावी, आणि गाडी ताब्यांत आली म्हणजे हळूहळू वेग उतरवीत कडेला न्यावी. हें ज्याला ठाऊक नाहीं त्याला कोणतेंहि उपकरण वांचवूं शकणार नाहीं.

आपल्याकडेहि महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण आंखलें. उद्यां असलीं घरें कोंकणच्या वाटेनें दिसूं लागलीं तर नवल नाहीं. आपले रस्ते मात्र डाव्या कडेला उतरतात, एवढें ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांच्या दारीं साधी मोटार आहे त्यांनाहि ह्यांतून घेण्यासारखें आहे. गाडी एका बाजूला ओढूं लागली तर आधीं टायरांतील हवा पाहावी, मग सांधे, मग चाकांचा रोख. नवीन वस्तु विकत घेण्याचा विचार त्यानंतर.

स्वतःच्या हातानें काम केल्यानें पैसे वांचतात, हा त्याचा लहान लाभ. मोठा लाभ असा कीं, आपण ज्या यंत्राच्या स्वाधीन आपलीं मुलेंमाणसें करतों, त्याच्या पोटाखालीं काय आहे हें आपल्याला कळतें. माझा मुलगा आतां प्रत्येक प्रवासाच्या आदल्या संध्याकाळीं बत्ती घेऊन खालीं वांकतो आणि ते नट पाहून घेतो. चालकाच्या अंगीं ही संवय बाणली म्हणजे घरांतल्या माणसांनीं मागें निर्धास्त झोंपावें.