वेधशाळा, विद्यापीठ आणि अवकाश



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत आयुष्यभर गणित शिकविले. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषयासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. आपल्या हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठाचा खगोलशास्त्र विभाग हाच आजचा विषय मी घेतला आहे. पोटापाण्याशी थेट संबंध नसलेल्या शास्त्राचा स्वतंत्र विभाग विद्यापीठाने का चालवावा, असे पुष्कळदा विचारले जाते. त्याचे उत्तर या विभागाच्या इतिहासातच आहे.

नवाब जफरजंग यांनी 1901 साली इंग्लंडहून 15 इंची दुर्बीण आणवून फिसलबंडा येथे वेधशाळा स्थापन केली. निजामांच्या नावाने ती ‘निजामिया’ म्हणून ओळखली जाऊ लागली. 1907 मध्ये नवाबसाहेब निवर्तले. एका धनवंताच्या हौसेचे जे बहुधा होते तेच तिचेही झाले असते. परंतु 1908 मध्ये सरकारने वेधशाळा आपल्याकडे घेतली व ती बेगमपेठेस आली. 1919 मध्ये ती नव्या उस्मानिया विद्यापीठाच्या स्वाधीन झाली.

तेथे जे काम चालले ते डोळे दिपविणारे नव्हते. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करावयाची, असा संकल्प 1887 साली पॅरिस येथे अनेक राष्ट्रांच्या ज्योतिर्विदांनी केला होता. आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले गेले. दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांमधला पट्टा हैदराबादने पत्करला आणि पुढे उत्तरेकडील 36 ते 39 अंशांचा पट्टाही हाती घेतला. प्रत्येक काचेवर दोन अंश लांबीरुंदीचा आकाशाचा तुकडा उमटे. त्यावर बारीक जाळीच्या रेषा छापलेल्या असत, आणि त्या रेषांपासून प्रत्येक ताऱ्याचे अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून वहीत लिहावयाचे. काचेवरील एक मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला. चॅटवूड, पोकॉक, भास्करन असे संचालक एकामागून एक आले. काम मात्र दशकानुदशके चालूच राहिले.

या कष्टांचे फळ कोणास मिळाले? सारे तारे अत्यंत मंद गतीने सरकत असतात. ती गती काढावयाची तर त्याच ताऱ्याच्या दोन स्थानांमध्ये पुष्कळ वर्षांचे अंतर लागते. युरोपने 1989 मध्ये सोडलेल्या हिप्पार्कोस या उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने अपूर्व अचूकतेने टिपली. पण उपग्रहाचे वेधकार्य चालले अवघी काही वर्षे. तेव्हा त्या वेधांशी जगभरच्या जुन्या छायाचित्र-सूची ताडून पाहण्यात आल्या आणि 2000 साली सुमारे 25 लक्ष ताऱ्यांची ‘टायको-2’ ही सूची सिद्ध झाली. बेगमपेठेत मोजलेले तारे त्या जुन्या सामग्रीत होते. ते मोजले जात होते तेव्हा कृत्रिम उपग्रह ही कल्पनाच होती. श्रोतेहो, आपल्या नंतरच्यांच्या उपयोगी पडेल असे काम जपून ठेवणे, हे विद्यापीठाच्या विभागाचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य माणसे घडविण्याचे. वेणू बाप्पू यांचे वडील निजामिया वेधशाळेत होते. त्यामुळे दुर्बिणीच्या सहवासातच हा मुलगा वाढला. येथील निजाम कॉलेजात शिकून तो हार्वर्डला गेला आणि 1949 मध्ये एका धूमकेतूच्या नावाशी त्याचे नाव जोडले गेले. कावलूरची वेधशाळा ही पुढे त्यांचीच निर्मिती.

1959 मध्ये उस्मानियात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि 1964 मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळाने येथील केंद्रास प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. अकबर अली आणि त्यांच्यानंतर कृष्ण दामोदर अभ्यंकर यांची नावे येथे कृतज्ञतेने घेतली पाहिजेत. शहराच्या दिव्यांनी बेगमपेठेचे आकाश फिके पडत चालले होते, म्हणून 1968 च्या सुमारास जपाळ-रंगापूर येथे 48 इंची दुर्बीण बसविण्यात आली. एकमेकांस झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा प्रकाश किती व केव्हा घटतो हे तेथे मोजले जाई. त्यावरून ताऱ्यांचे आकारमान व वस्तुमान यांचा हिशेब करता येतो. 16 फेब्रुवारी 1980 चे खग्रास सूर्यग्रहण ज्येष्ठांना आठवत असेल. त्या दुपारी रस्ते ओस पडले होते, घरांची दारे लावलेली होती, आणि रंगापुरास मंडळी वेध घेण्यात गुंतलेली होती.

पुढे मात्र तेथील वेधकार्य ओसरत गेले, हे सांगताना मन विषण्ण होते. दिवे टेकडीपर्यंत पोहोचतात, यंत्रे जुनी होतात, हे खरे. परंतु दुर्बिणीपाशी रात्र काढणारा विद्यार्थी येईनासा झाला की आरसा कितीही मोठा असून उपयोग नसतो.

आज या शास्त्राचे क्षेत्र विस्तारले आहे. क्ष-किरण व बहुतांश जंबुपार किरण वातावरणातून खाली येतच नाहीत. म्हणून 28 सप्टेंबर 2015 रोजी भारताने ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळाच अवकाशात पाठविली, आणि सूर्याच्या अभ्यासासाठी 2 सप्टेंबर 2023 रोजी आदित्य-एल1 निघाले. अशा यानाची दिशा स्थिर राखणे, उष्णतेपासून उपकरणे जपणे, संदेश पृथ्वीवर आणणे ही अभियंत्याची कामे. काय पाहावयाचे हे ठरविणे ज्योतिर्विदाचे. दोघांना एकमेकांची भाषा यावयास हवी. आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या इंदूर नगरीतील आयआयटीमध्ये खगोलशास्त्र, खगोलभौतिकी आणि अवकाश अभियांत्रिकी यांचा एकच विभाग आहे, तो याच गरजेतून. त्या तरुण विभागाने बेगमपेठेचा धडा विसरू नये, एवढीच अपेक्षा.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. शाळेस दुर्बीण भेट द्यावी असे आपल्यापैकी काहींच्या मनात आहे. जरूर द्या, परंतु तिच्यासोबत महिन्यातील एक संध्याकाळ देणारा माणूसही द्या. मुलांनी गुरूचे चंद्र रोज कोठे दिसले ते वहीत टिपावे आणि ती वही पुढच्या वर्गाच्या हाती सोपवावी. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.